वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर शाकाहारी जेवण: विदर्भातल्या गावांमधून येणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस-तुरीच्या गावातलं. बॅरिएट्रिक म्हणजे वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेली माणसं माझ्याकडे येतात. ऑपरेशन नागपूरला, अमरावतीला किंवा पुण्याला होतं, पण रोजचं जेवण आर्णीच्या, मेहकरच्या, कुरखेड्याच्या घरातच होतं. एका शेतकरी बाईने एकदा दवाखान्यातून मिळालेला आहाराचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. त्यावर ॲव्होकॅडो, ग्रीक योगर्ट, टोफू आणि क्विनोआ लिहिलं होतं. चार महिने तिने तो कागद देवघरात जपून ठेवला होता आणि त्यातला एकही पदार्थ खाल्ला नव्हता, कारण तिच्या तालुक्याच्या बाजारात त्यातलं काहीच मिळत नव्हतं. तेव्हापासून मी आपल्या घरातल्या डब्यांच्या, डाळींच्या नावानेच सांगते. तुमच्या सर्जनने तुमची तब्येत पाहून काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

माळ घातली आहे. अंडं, मटण न खाता हे ऑपरेशन झेपेल का?

झेपतं. वारकरी आणि महानुभाव घरांतली माणसं माझ्याकडे येतात, आणि माळ काढायला मी कुणालाही सांगितलेलं नाही. पण एक गोष्ट आधी समजून घ्या. आपल्या गावाकडचा शाकाहार म्हणजे ताटभर भात नाहीतर दोन-तीन भाकरी आणि त्यावर चवीपुरतं वरण. ऑपरेशनआधी पोट मोठं होतं, म्हणून एवढ्या धान्यातूनही थोडंफार प्रोटीन मिळून जायचं. आता दोन-चार घासांत पोट भरतं. त्या दोन-चार घासांत भातच गेला, तर शरीराला लागतं ते कुठून येणार? म्हणून ताट उलटं करायचं: डाळ, पनीर, सोयाबीन हे जेवण, आणि भाकर तोंडी लावायला. या पानावरचं बाकी सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

ऑपरेशनने पोटात नेमकं काय बदललं?

स्लीव्ह झालं असेल, तर जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून केळासारखी एक नळी ठेवलेली असते. बायपास झालं असेल, तर जठराची जेमतेम ३० मिलीलीटरची लहान पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडलेली असते, त्यामुळे अन्न आतड्याचा पहिला भाग टाळून जातं. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः त्याच पहिल्या भागात शोषलं जातं. बी-१२ शोषून घ्यायला जठराचं आम्ल आणि जठरातच तयार होणारा एक घटक लागतो, आणि दोन्ही ऑपरेशनांत तो कमी पडतो. म्हणजे खाणंही कमी आणि अंगी लागणंही कमी. शाकाहारी माणसाचं बी-१२ आणि लोह पुष्कळदा आधीच खालच्या पातळीवर असतं, म्हणून ऑपरेशनच्या आधी रक्त तपासून कमतरता भरून घ्या. नंतर भरून काढायला फार वेळ लागतो.

पहिले दोन महिने काय खायचं?

पहिले दोन आठवडे फक्त पातळ: गाळलेलं मुगाच्या वरणाचं पाणी, पातळ ताक, साय काढलेलं दूध, आणि डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर. या दिवसांत पावडर टाळू नका. नुसत्या वरणाच्या पाण्याने जखम भरत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं: मुगाचं मऊ वरण, घुसळलेलं दही, तिखट न घातलेलं पातळ बेसन.

पाचव्या आठवड्यापासून आपल्या स्वयंपाकघराचा खरा उपयोग सुरू होतो. बाहेरच्या तक्त्यांत जे 'मऊ प्रोटीन' लिहिलेलं असतं ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतंच. कढीगोळे करा, म्हणजे डाळ भिजवून वाटून कढीत शिजवलेले गोळे. डाळ वाटून वाफवलेले फुणके कढीत कुस्करून खा. मुंगवड्यांची भाजी करा, वड्या पूर्ण फुगू द्या आणि बोटाने दाबून बघा, मधे कडक लागली तर अजून शिजवा. पनीर कुस्करून परता. मुगाच्या डाळीचं मऊ धिरडं चालतं. घास चण्याएवढा घ्या, वीसेक वेळा चावा, आणि घास गिळून झाल्यावर पुढचा उचला. जेवणाला वीस ते तीस मिनिटं लागली पाहिजेत.

दोन महिन्यांनंतर हळूहळू सगळं. ठेचा, तर्री आणि कच्चा कांदा मात्र शेवटी.

मी रोज वरण खातो, तरी प्रोटीन कमी आलं. असं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दिग्रसकडच्या एक काकू ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी आल्या. पायावर सूज, केस ओंजळीने गळत होते, जिना चढताना दम लागायचा. "दोन टाइम वरण खाते ना बाई," त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी मी त्यांना घरचं वरण डब्यात आणायला सांगितलं. ते मी एका स्टीलच्या वाटीत ओतलं आणि वाटी टेबलावर तशीच ठेवून आम्ही बोलत बसलो. दहा मिनिटांनी बघितलं तर वाटीच्या तळाशी अर्ध्या बोटाएवढी डाळ आणि वर हळदीचं पिवळं पाणी. सहा माणसांच्या घरात एक वाटी तूर डाळ शिजत होती. काकूंच्या वाट्याला एका वेळी जेमतेम दहा ग्रॅम डाळ येत होती, म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. त्यांना दिवसाला ६० ग्रॅम हवं होतं.

ऑपरेशननंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन धरतात. तुमचा आकडा तुमच्या उंची-वजनावर ठरतो. कच्च्या तूर डाळीत १०० ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं. तीस ग्रॅम डाळ, म्हणजे एक चांगली मूठ, घट्ट शिजवली तर एका लहान वाटीत साडेसहा ग्रॅम मिळतं. हे वरण चमच्यावर उभं राहिलं पाहिजे, भातावर ओघळायला नको. घरातल्यांसाठी पातळ हवं असेल, तर डाळ शिजली की पाणी घालण्याआधी तुमची वाटी बाजूला काढा. वेगळा स्वयंपाक लागत नाही, एवढं केलं तरी पुरे.

काकूंचा दिवस आम्ही असा बसवला. सकाळी ग्लासभर दूध, त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर: तेरा-चौदा ग्रॅम. न्याहारीला ४० ग्रॅम मुगाच्या डाळीचं धिरडं: नऊ-साडेनऊ. दुपारी २५ ग्रॅम सोयाबीन वडीचा खिमा: बारा-तेरा. चार वाजता फुटाण्यांचं पीठ ताकात कालवून, २५ ग्रॅम: पाच. संध्याकाळी घट्ट वरणाची वाटी: साडेसहा. रात्री ५० ग्रॅम पनीर: नऊ. शेवटी अर्धी वाटी दही: तीन-साडेतीन. बेरीज साठाजवळ जाते. एवढं सगळं पहिल्या दिवसापासून पोटात मावत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत जे कमी पडेल ते पावडरने भरायचं. काकूंच्या पायावरची सूज डॉक्टरांच्या औषधांनी आणि या जेवणाने दोन महिन्यांत उतरली.

सोयाबीन आमच्याच शेतात पिकतं. ते खाल्लं तर चालेल का?

चालेल आणि खरोखर खावं. विदर्भात एवढं सोयाबीन पिकतं, पण सगळं मार्केट यार्डात जातं, घरच्या डब्यात येत नाही. त्याच्या दाण्यात शंभर ग्रॅममागे ३६ ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, तुरीपेक्षा कितीतरी जास्त. पण नियम कडक आहेत.

पेरणीतून उरलेलं बियाणं कधीही खायचं नाही. त्याला औषध लावलेलं असतं, ते विष आहे. धुतल्यानेही जात नाही. खाण्याचं सोयाबीन मळणीच्या वेळीच वेगळ्या पोत्यात काढून ठेवा.

कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं चालत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीनचं पचन अडवणारा घटक असतो, तो नीट उकळल्यानेच निकामी होतो.

थायरॉईडची गोळी घेत असाल तर ती आणि सोयाबीन यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा.

पीठ दळताना गव्हात सोयाबीन मिसळायची पद्धत चांगली आहे, दहा किलोला एक किलो. पण ऑपरेशन झालेला माणूस अर्धी पोळी खातो, अर्ध्या पोळीतून त्याला किती मिळणार? ते घरच्या बाकी लोकांसाठी ठेवा. तुमच्यासाठी घरचं सोया पनीर करा. सोयाबीन रात्रभर भिजवा. सकाळी दोन्ही हातांनी चोळून सालं काढा, सालं पाण्यावर तरंगतात, ती ओतून द्या. पाणी घालून मिक्सरमधून बारीक वाटा आणि जुन्या सुती धोतराच्या फडक्यातून पिळून दूध काढा. हे दूध मंद आचेवर वीस मिनिटं तरी उकळा, फेस पातेल्याबाहेर येतो म्हणून जवळून हलू नका. मग आच बंद करून लिंबाचा रस थोडा-थोडा घाला. फाटलं की फडक्यात बांधून वर पाटा नाहीतर पाण्याचा तांब्या ठेवा. दोन तासांत वडी पडते. कच्चा वास येतो अशी तक्रार असते. जिरं, लसूण आणि थोड्या तेलावर परतलं की जातो.

वेळ नसेल तर किराणा दुकानातली सोयाबीन वडी. कोरड्या वडीत निम्मं वजन प्रोटीनचं असतं, आणि बाजारात एवढ्या पैशांत एवढं प्रोटीन देणारं दुसरं काही मला माहीत नाही. उकळून, पिळून, बारीक करून खा. अख्खी वडी सुरुवातीला अडकते.

लाखोळीची डाळ चालते का?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडून हा प्रश्न येतो. लाखोळी कधीतरी जेवणात असणं वेगळं आणि रोज तीच मुख्य अन्न असणं वेगळं. महिनोन्‌महिने तीच खात राहिलं, तर तिच्यातल्या विषारी घटकामुळे पायातली ताकद जाते. ऑपरेशननंतर डाळ हेच तुमचं मुख्य जेवण होणार आहे, म्हणून लाखोळी नको. तूर, मूग, हरभरा, बरबटी, वाल यांतून निवडा.

भाकर सोडायची का?

नाही. सहाव्या-आठव्या आठवड्यानंतर चतकोर भाकर, वरणात किंवा कढीत भिजवून. डाळीत जी अमिनो आम्लं (प्रोटीनचे घटक) कमी असतात ती ज्वारीत असतात आणि ज्वारीत कमी असतात ती डाळीत, म्हणून दोन्ही लागतं. भाताचा गोळा आणि मऊ पोळी पुष्कळांना सुरुवातीला छातीत अडकल्यासारखी वाटते, भाकर त्या मानाने बरी उतरते. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवल्या तर आणखी सोप्या. क्रम मात्र पाळा: आधी डाळ-पनीर, मग भाजी, जागा उरली तर भाकर.

ऑपरेशननंतर दूधच पचत नाही. किंवा: मी दूधही सोडलं आहे, पूर्ण वनस्पतीजन्य खातो. जमेल का?

पुष्कळांना ऑपरेशननंतर दुधाने पोट फुगतं, जुलाब होतात. आधी दही आणि ताक घेऊन बघा, ते बहुतेकांना चालतं. व्हे पावडर दुधापासून होते. तिनेही त्रास झाला तर सोया किंवा वाटाण्याच्या प्रोटीनची पावडर मिळते.

दूध पूर्ण सोडलेल्या माणसाला मी स्पष्टच सांगते: जमतं, पण मोकळीक फार थोडी राहते. सोया पनीर, सोयाबीन वडी, डाळी, शेंगदाणे, तीळ, जवस यांवर सगळा भार येतो. बी-१२ वनस्पतीतून मिळत नाहीच, एकही गोळी चुकवून चालत नाही. तीळ, राजगिरा आणि शेवग्याचा पाला यांतून कॅल्शियम मिळतं, पण तुमच्या दोन-चार घासांत ते पुरेसं येत नाही, गोळी लागतेच. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायची तयारी असेल तरच दूध सोडा. नसेल तर निदान पहिलं वर्ष दही-ताक ठेवा, अशी माझी विनंती असते.

गोळ्या किती दिवस घ्यायच्या?

आयुष्यभर. 'बरं वाटतंय' म्हणून सोडायच्या नाहीत. बी-१२ चा साठा यकृतात असतो, तो संपायला महिने, कधी वर्षं लागतात, आणि संपल्यावर तळपायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. उशीर झाला तर नसांचं नुकसान भरून येत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ आणखी कमी होतं.

साधारण हिशोब असा. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. गावाकडच्या माणसांना मी इंजेक्शनच सुचवते, महिन्याची एक तारीख लक्षात ठेवायची, प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर देतात. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलीग्रॅम, एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नाही, आणि सायट्रेट प्रकारचं, कारण त्याला पोटातलं आम्ल लागत नाही. डी जीवनसत्त्व साधारण ३००० युनिट रोज, तपासणीप्रमाणे कमी-जास्त. पाळी येणाऱ्या बायकांना आणि बायपास झालेल्यांना लोह रोज ४५ ते ६० मिलीग्रॅम. शिवाय एक पूर्ण मल्टिव्हिटॅमिन, ज्यात जस्त, तांबं आणि थायमिन असेल.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीबरोबर संत्र्याच्या दोन फोडी, आवळा किंवा लिंबू. चहा आधी-नंतर तासभर नाही. आपल्याकडे जेवलं की लगेच कप पुढे येतो, लोह कमी राहण्याचं ते एक मोठं कारण आहे.

पूर्व विदर्भातल्या वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. घरात कुणाला सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर तुमची तपासणी झालेली असू द्या, आणि ते सर्जनला ऑपरेशनआधी सांगा. हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) न बघता लोह वाढवत नेऊ नका.

खर्चाची अडचण खरी आहे. महिन्याच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. जनऔषधी केंद्रात चिठ्ठी दाखवून विचारा, कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन तिथे बरंच स्वस्त मिळतं. काय मिळालं त्याचा फोटो तुमच्या आहारतज्ज्ञाला पाठवा, म्हणजे मात्रा जुळते का ते बघता येईल.

कॅप्सूलमध्ये मांसाहारी काही असतं का?

असू शकतं. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून होतं. डी-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात, आणि ओमेगा-३ च्या कॅप्सूल माशाच्या तेलाच्या असतात. म्हणून एका माळकरी आजोबांनी सगळ्याच गोळ्या बंद करून टाकल्या होत्या, कुणाला न सांगता. तसं करू नका, विचारा. दाबून केलेली साधी गोळी, चघळायची गोळी, सिरप किंवा इंजेक्शन हे पर्याय असतात, वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूलही मिळतात. शेवाळ आणि बुरशीच्या जोडीतून वाढणाऱ्या दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून केलेलं डी-३ ही मिळतं.

उन्हाळ्यात पाणी कसं प्यायचं? एका वेळी दोन घोटही जात नाहीत.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि या ऑपरेशननंतर पाणी कमी पडणं हे माणसं परत भरती होण्याचं एक मोठं कारण आहे. दिवसाला दीड ते दोन लिटर लागतं, उन्हात काम असेल तर जास्त. बाटली सतत जवळ, दर पाच-दहा मिनिटांनी एक घोट. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक उत्तम. उसाचा रस, रसना, सोडा नको. बायपासनंतर गोड पेय पटकन आतड्यात उतरतं आणि घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात, त्याला डम्पिंग म्हणतात. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा.

उलट्या थांबत नाहीत. गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावून घेऊ का?

हे नीट वाचा आणि घरच्यांनाही वाचून दाखवा. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उलट्या झाल्या तर शरीरातलं थायमिन म्हणजे बी-१ संपत येतं. त्या अवस्थेत नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरांना आधी सांगा: "माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्या." एक वाक्य आहे, पाठ करून ठेवा. डोळ्यांनी दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनची सुई किंवा गोळीही घेऊ नका, विशेषतः बायपासनंतर. जोडलेल्या जागी अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं.

केस गळतात.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेकांचे गळतात, वजन झपाट्याने उतरल्यामुळे. पुढे परत येतात. वर्षानंतरही गळत असतील तर प्रोटीन, लोह आणि जस्त तपासा.

एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र?

पहिल्या वर्षी उपवास नको. उपवासाचं म्हणून आपण जे खातो ते बहुतेक नुसतं पिठूळ असतं. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात चिकट, गोळा होऊन अडकतो. दुसऱ्या वर्षापासून एकादशी करायचीच असेल तर दही, पनीर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचं थालीपीठ, मऊ भगर. निर्जळी कधीच नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खर्रा?

सोडावाच लागेल. तंबाखूने जोडलेल्या जागी अल्सर होतो, जखम भरत नाही, भूक मरते आणि मग जेवण टळतं. "जेवण जात नाही पण खर्रा जातो" असं सांगणारे तरुण माझ्याकडे येतात, त्यांचं प्रोटीन नेहमी तळाला असतं. मोहाची असो वा विकतची, दारू आता पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, सवयही लवकर लागते. तीही नको.

वजन पुन्हा वाढायला लागलं.

शेव, चिवडा, बिस्किटं आणि दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा. हे सगळं लहान पोटातूनही सहज उतरतं, अडकत नाही, पोट भरल्याचं कळत नाही. आठवडाभर खाल्लेलं सगळं वहीत लिहून घेऊन या.

लेकरू कधी होऊ द्यावं?

ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने थांबा. वजन उतरलं की पाळी सुरळीत होते आणि अचानक दिवस राहतात, त्यामुळे गर्भनिरोधनाचं आधीच ठरवा. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नका, तांबी बरी. दिवस राहिले की आशाताईंना आणि सिस्टरना ऑपरेशनचं सांगा. साखरेची तपासणी करायला ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात, बायपास झालेल्या बाईला ते देऊ नये, तिची साखर दुसऱ्या पद्धतीने तपासता येते.

घरात सगळ्यांच्या शेवटी जेवते. माझ्यासाठी वेगळं कोण करणार?

हा प्रश्न बायकाच विचारतात, आणि हळू आवाजात. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात जे उरतं ते जेवायची सवय या ऑपरेशननंतर जीवावर येते. उरतो तो भात, डाळ आधीच संपलेली असते. मी सासूबाईंना आणि नवऱ्याला सोबत बोलावते आणि त्यांच्यासमोर सांगते की हिची वाटी पहिली निघेल. एका सासूबाईंनी मग घरातल्या एका लहान कटोरीला दोऱ्याने खूण बांधली. रोज डाळ घोटून झाली की पहिली तीच कटोरी भरायच्या आणि झाकून ठेवायच्या. ती सून आता दीड वर्षाने शेतात निंदणाला जाते, डब्यात फुणके आणि ताकाची बाटली असते.

लग्नाच्या पंगतीत काय खायचं?

आपल्या लग्नातली डाळभाजी तुमच्यासाठीच आहे असं समजा: तूर आणि हरभऱ्याची डाळ, पालक, शेंगदाणे. आधी ती, मग वाटलं तर पोळीचा तुकडा, आणि मठ्ठा जेवणानंतर अर्ध्या तासाने. बुंदी आणि जिलबी पत्रावळीवर पडण्याआधी हात आडवा करा, एकदा पडली की आग्रह मोडवत नाही. आणि जमेल तर पहिल्याच पंगतीला बसा. पाहुणे वाढले की डाळभाजीत पाणी पडतं, तिसऱ्या पंगतीपर्यंत डाळ तळाशी गेलेली असते.